उठायचं नाही, सुरेखाताई

आमच्या वॉर्डात हल्ली दर सहा महिन्यांनी शिकाऊ मुलींची नवी तुकडी येते. परवा त्यातल्या एकीच्या पेशंटला उलटी झाली. पोरगी दोन पावलं मागं सरली, नाकाला रुमाल लावला आणि दाराकडं तोंड करून ओरडली, "मावशी!" तिला दोन शब्द सुनावावेत म्हणून मी खुर्चीवरून उठले आणि अर्ध्या वाटेत थांबले. बारा तासांची ड्युटी झाली होती, पाय भरून आले होते, एवढंच कारण नव्हतं. आठ वर्षांपूर्वी भोरला मी हुबेहूब अशीच उभी होते. फरक एवढाच, की मला ओरडावंसुद्धा लागलं नव्हतं. सुरेखाताई न बोलावता आली होती.

सुरेखा रेणुसे ही आमच्या एएनएमच्या, म्हणजे दोन वर्षांच्या नर्सिंग कोर्सच्या तुकडीतली सगळ्यात मोठी मुलगी. मुलगी कसली, चौतिशीची बाई. आम्ही बाकीच्या एकवीसजणी नुकत्याच बारावी होऊन आलेल्या. हिनं सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी केलेली, आणि वयाची मर्यादा संपायला काही महिने उरलेले असताना प्रवेश घेतलेला. गाव गुंजवण्याकडचं. नवरा पानशेतला एका पुणेकराच्या बंगल्यावर वॉचमन, सातवीतली मुलगी सासूजवळ. आणि स्वतः ती नसरापूरच्या एका खासगी दवाखान्यात पंधरा वर्षं मावशी होती. मावशी म्हणजे नात्यातली नव्हे. दवाखान्यात झाडणारी, पुसणारी, भांडं देणारी, चहा आणणारी, ती मावशी.

आमचं नर्सिंग स्कूल म्हणजे एका खताच्या दुकानावरचा मजला. जिना चढताना युरियाचा वास आणि वर गेलं की फिनेलचा. पहिल्या दिवशी वर्गात शिरून आम्ही तिला बघितलं आणि एकजण सहज म्हणाली, "मावशी, जरा पंखा लावता का?" तिनं उठून पंखा लावला. मग आमच्याकडं वळून शांतपणे म्हणाली, "हितं मला मावशी म्हनू नका. नाव हाय मला. सुरेखा." अठरा वर्षांच्या पोरींना तिला नुसतं सुरेखा म्हणणं जमेना, म्हणून सुरेखाताई झाली. मी भोरचीच, पण वडिलांची बदली साताऱ्याला झाल्यानं शाळेमागच्या हॉस्टेलात राहायचे. तिची कॉट माझ्या शेजारी. महिन्याभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं.

तिला बसता यायचं नाही. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. बाकावर ती टोकाला, अर्धी बाहेर अशी टेकायची, कोणत्याही क्षणी हाक येईल अशी. मॅडमच्या हातून खडू पडला, तर तो जमिनीवर पोचायच्या आत ही उठलेली. आम्ही सकाळी वर्गात यायचो तेव्हा वर्ग झाडलेला, फळा पुसलेला, बाकं सरळ. आमच्या ट्यूटर मॅडमनी तिला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "रेणुसे, तुम्ही इथं विद्यार्थिनी आहात. झाडायला बाई आहे." ती "व्हय मॅडम" म्हणाली. दुसऱ्या दिवशी वर्ग पुन्हा झाडलेला. मॅडमनी मग तो नाद सोडला.

प्रात्यक्षिकाच्या खोलीत एक रबरी बाहुली होती, माणसाएवढी, एक हात खांद्यातून निखळलेली. तिच्यावर आम्ही सुया टोचायला, अंग पुसायला शिकायचो. तास संपला की पोरी तिला तशीच उघडी टाकून जेवायला पळायच्या. सुरेखाताई मागं राहून तिच्या अंगावर चादर ओढायची, निखळलेला हात चादरीत घ्यायची. आम्ही खूप हसलो. "अगं, रबर आहे ते!" तर म्हणाली, "रबराला लाज न्हाई, पन तुमच्या हाताला सवय लागती." वर्षाच्या अखेरीला सगळ्याजणी न सांगता चादर ओढायला लागल्या होत्या. कोणी कबूल केलं नाही, ही गोष्ट वेगळी.

पेशंटपाशी गेली की ती आधी पाय धरायची. नाडी नाही, कपाळ नाही, पाय. गरम आहेत की गार, सुजलेत की कसे. भोरच्या दवाखान्यात आमची पहिली ड्युटी लागली तेव्हा तिनं एका म्हाताऱ्याचे पाय धरले आणि म्हातारा गडबडून उठून बसला. "आगं बाय, पाया नगं पडूस. म्या काय सादू हाय व्हय?" सगळा वॉर्ड हसला, तीही हसली, पण पाय सोडले नाहीत. "आजोबा, पाय गार हायती तुमचं. सकाळपास्नं कायतरी खाल्लंया का?" म्हाताऱ्यानं खाल्लं नव्हतं. त्याच्या लेकानं डबा आणायचा होता आणि लेक काही आला नव्हता. ताईनं आपली तांदळाची भाकरी त्याला दिली, आणि मॅडमनी तिला रागं भरलं, कारण डॉक्टरांना विचारल्याशिवाय पेशंटला काही द्यायचं नसतं. तेही खरंच होतं.

तिची खरी भांडणं पुस्तकाशी. पुस्तकात लिहिलेलं असायचं, 'प्रथम रुग्णास प्रक्रिया समजावून सांगावी.' हिचा हात आधी चालायचा आणि तोंड मागून. मॅडम ओरडायच्या, "रेणुसे, आधी सांगा, मग करा!" ती म्हणायची, "समजावून सांगूस्तर त्याची चादर वली ऱ्हाती की मॅडम." औषधं तिला खोक्याच्या रंगावरून पाठ. निळ्या पट्टीची गोळी, लाल टोपणाची बाटली. नावं इंग्रजी, ती मी तिला मराठी अक्षरांत लिहून द्यायचे. बदल्यात ती मला जे शिकवत होती ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

मला किळस यायची. आता सांगायला काही वाटत नाही, पण नर्सिंगला आलेल्या मुलीला उलटी बघून स्वतःला उलटी होते, ही लाजेचीच गोष्ट होती. पहिल्या ड्युटीला मी भांडं हातात घेऊन संडासापर्यंत गेले आणि भिंतीला टेकून रडले. सुरेखाताई मागून आली, माझ्या हातातलं भांडं घेतलं, धुतलं आणि म्हणाली, "तोंडानं श्वास घ्यायचा. अन् खाली बघायचंच न्हाई. त्या मानसाच्या डोळ्याकडं बघायचं. हात आपापलं करत्यात." दोन वर्षं तिनं मला हे सांगितलं. माझे हात काही आपले आपण करेनात. माझ्या पेशंटचं असलं काम निघालं की मी तिच्याकडं बघायचे, आणि ती आलेली असायची. मग मी तेही बघेनाशी झाले, कारण ती येणार हे ठरलेलंच असायचं.

एकदा शनिवारी ताईच्या गावाकडच्या, वेल्ह्याच्या एसटीची वाट बघत आम्ही स्टँडवर बसलो होतो. म्हणजे मी बसले होते, ती उभी. मी विचारलं, "ताई, या वयात हे कशाला गं? तुला तर सगळं येतंच."

"येतंया, पन चोरून," ती म्हणाली. मग तिनं सांगितलं ते असं. नसरापूरच्या दवाखान्यात वीसेक वर्षांची नवी सिस्टर आलेली. एका लहान पोरीला सलाईन लावायचं होतं, सिस्टरला शीर सापडेना, पोर काळंनिळं व्हायला लागलं. डॉक्टरांनी पडदा ओढून घेतला आणि सुरेखाताईला हळूच म्हणाले, तू लाव. हिनं लावलं. डॉक्टर म्हणाले, बाहेर बोलू नकोस. पडदा सरकला. पोरीच्या बापानं त्या सिस्टरपुढं हात जोडले, "सिस्टर, लई उपकार झालं." आणि हिच्याकडं वळून म्हणाला, "मावशी, जरा चार च्या सांगा की."

"मग?"

"मग काय, आनला च्या. त्याचं काय चुकलं? त्याला काय म्हायती?" ती रस्त्याकडं बघत राहिली. "पन मेघा, पंदरा वर्सं मी जे चांगलं केलं ते पडद्यामागं केलं. आता उजेडात करायचंय. अन् एकदा, एकदाच का हुईना, कुनीतरी मला सिस्टर म्हनावं. बास." डॉक्टरांनी शब्द दिला होता, पास होऊन ये, सिस्टरची जागा तुझी. एवढ्यात एसटी आली आणि ती सगळ्यांच्या पिशव्या वर चढवायला धावली.

शेवटची परीक्षा भोरलाच, बायकांच्या वॉर्डात. पुण्याहून बाहेरच्या परीक्षक बाई येणार होत्या. प्रत्येकीला एक पलंग, एक पेशंट, एक ट्रे. माझा नंबर अठरा, ताईचा एकोणीस. आमच्या मॅडम निम्म्या तुकडीला घेऊन बाळंतपणाच्या वॉर्डात गेल्या होत्या. ताईनं युनिफॉर्मला इतकी खळ केली होती, की वाकली तरी बाही वाकत नव्हती. ती आपल्या पलंगापाशी उभी, ट्रे लावलेला, सगळं जागच्या जागी.

परीक्षक बाई सतरा नंबरपाशी असताना माझ्या पेशंटला उलटी झाली. पलंगावर, जमिनीवर, माझ्या बुटांवर. मी तोंडानं श्वास घेतला. डोळ्यांकडंही बघितलं. पण हात जागचे हलले नाहीत. आणि मग मला बादलीचा आवाज आला. सुरेखाताईनं धुण्याच्या खोलीतला हिरवा प्लॅस्टिकचा एप्रन घातला होता, खळ केलेला युनिफॉर्म खराब होऊ नये म्हणून, आणि ती गुडघ्यावर बसून पुसत होती. पेशंटचं तोंड पुसलं, चादर बदलली, मला म्हणाली, "हूं, आता हुबी ऱ्हा नीट." तेवढ्यात परीक्षक बाई आल्या. खाली बघितलं आणि म्हणाल्या, "मावशी, तेवढं आटपा आणि बाहेर व्हा. परीक्षा चालू आहे."

आणि सुरेखाताई म्हणाली, "व्हय मॅडम."

म्हणाली, आणि बादली उचलून बाहेर गेली. पंधरा वर्षांचं वळण होतं ते, दोन वर्षांनी कुठलं जाणार! बाहेर गेलेली बाई फडकं न धुता परत कशी येईल? तिनं फडकं धुतलं, पिळलं, वाळत घातलं, बादली पालथी घातली, हात कोपरापर्यंत धुतले. इकडं परीक्षक बाईंनी मला चार प्रश्न विचारले, पेशंट स्वच्छ ठेवल्याबद्दल मान डोलावली आणि पुढं झाल्या. "नंबर एकोणीस?" कोणी नाही. "एकोणीस! ट्रे लावून गेली कुठं?" तिसऱ्यांदा विचारताना त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, मॅडम, त्या आत्ता बाहेर गेल्या त्याच. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की तुझ्या पेशंटचं त्यांनी का केलं. मी मान खाली घातली. त्यांनी कागदावर गैरहजर लिहिलं.

ताई हात पुसत आत आली तेव्हा बाई विसाव्या नंबरवर होत्या. मॅडमनी नंतर पुष्कळ विनवण्या केल्या. परीक्षक बाई काही दुष्ट नव्हत्या, त्याही सकाळपासून उभ्या होत्या. "कागद भरला गेलाय," त्या म्हणाल्या. "आणि मला एक सांगा, मी मावशी म्हटल्यावर या 'मी विद्यार्थिनी आहे' असं का नाही म्हणाल्या?" ताई म्हणाली, "ध्यानातच आलं न्हाई मॅडम."

पुन्हा बसायला सहा महिने होते. ती नसरापूरला परतली, मावशी म्हणूनच. निकाल लागला, मी पास झाले. महिन्याभरात आमच्या मॅडमनी मला एका दवाखान्याचा पत्ता दिला, त्यांना ताबडतोब प्रमाणपत्र असलेली सिस्टर हवी होती. नसरापूरला, हायवेजवळ. मी पत्ता वाचला आणि ओळखलं. घरून फोनवर फोन चालू होते, नोकरीचं काय झालं म्हणून. गेले. आजही ठामपणे सांगू शकत नाही, की दुसरं काही करता आलं असतं की नाही. करता आलं असतं बहुतेक.

पहिल्या दिवशी तिनंच माझ्यासाठी चहा आणला. कप टेबलावर ठेवला आणि चार पेशंट ऐकतील असं म्हणाली, "सिस्टर, च्या घ्या."

"ताई, असं नको ना गं."

"वॉर्डात वॉर्डासारखं," ती म्हणाली आणि झाडू घेऊन निघून गेली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

तीन आठवड्यांनी कपड्यांच्या खोलीत चादरींच्या घड्या घालताना मी तिला सगळं सांगून टाकलं. परीक्षक बाईंनी माझ्याकडं कसं बघितलं आणि मी गप्प कशी राहिले. ती घडी घालत राहिली. "म्हायती हाय मला," म्हणाली. "मी आत आले तवाबी तुजी मान खालीच हुती. तवाच वळखलं." मी रडायला लागले तर वैतागून म्हणाली, "आता रडू नगंस, चादर भिजती. धर ते टोक."

मग आम्ही तयारीला लागलो. दुपारी पेशंट झोपले की कपड्यांच्या खोलीत एक स्टूल मांडायचे. पुस्तक तिला आता माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. शिकायचं होतं ते बसायला. मी तिला स्टुलावर बसवायचे आणि सांगायचे, "उठायचं नाही, सुरेखाताई. नंबर पुकारेपर्यंत काहीही झालं तरी उठायचं नाही." आणि बाहेर जाऊन स्टीलचं भांडं पाडायचे. खण्ण झालं की ही उभी. "ताई!" "आगं, झालं चुकून." पुन्हा बसायची. मी खोकायचे, पाणी सांडायचे, "आई गं" म्हणून ओरडायचे. ती उठायची, आणि मग दोघीही हसून हसून दमायचो. दोन महिन्यांनी तिला एक युक्ती सापडली. दोन्ही हातांनी स्टुलाच्या कडा खालून धरून ठेवायच्या. हात अडकलेले असले की पाय उठत नव्हते. बोटं पांढरी पडायची, पण बसायची.

दुसऱ्या परीक्षेला मी रजा टाकून तिच्याबरोबर भोरला गेले. तोच वॉर्ड, परीक्षक दुसऱ्या. फेरपरीक्षेला सहाजणी, ताई शेवटची. या वेळी त्यांना स्टुलं दिली होती. मी बाहेर व्हरांड्यात, जाळीच्या खिडकीपाशी, तिची पिशवी घेऊन उभी.

समोरच्या पलंगावर एक म्हातारी होती, वेल्ह्याकडची असावी. ती परीक्षेतली नव्हती, नुसतीच पेशंट. तिला कपड्यातच झालं. तिनं आधी चादर अंगाखाली खोचून बघितली, मग हाक मारली, "बाय गं. ए बाय." वॉर्डची मावशी जेवणाची गाडी आणायला गेली होती. बाकी सगळ्या परीक्षेत. म्हातारी सरळ सुरेखाताईकडंच बघत होती. "बाय, वाईच येतीस का?"

ताईनं स्टुलाच्या कडा धरल्या. मला खिडकीतून तिची बोटं दिसत होती. एरवी ती पाच पावलांवर जायला पाच सेकंद लावणारी नव्हती. ती बसून राहिली. म्हातारीनं आणखी दोनदा हाक मारली आणि मग हाक मारायची सोडून दिली, तोंड भिंतीकडं केलं. मी मनात घोकत होते, उठू नकोस, उठू नकोस. मी आत का गेले नाही? मी पेशंटचीही नव्हते आणि परीक्षेचीही नव्हते, मला कोणी अडवलं नसतं. नसरापूरला मी असलं सगळं काम करायला शिकले होते, आणि तरी खिडकीशीच उभी राहिले.

अर्ध्या तासानं नंबर पुकारला. ताई उठली, हात धुतले, पेशंटला प्रक्रिया समजावून सांगितली, आधी सांगितलं आणि मग केलं. एक पायरी चुकली नाही. परीक्षक म्हणाल्या, "छान. अनुभव दिसतोय." निकाल नंतर लागायचा होता, पण त्याच क्षणी कळलं की झाली पास. खरोखरच झाली. पुढं तिला वेल्ह्याकडं एका उपकेंद्रात कंत्राटी जागा मिळाली असं ऐकलं. मी पुण्याला आले, नंबर बदलले, भेट अशी पुन्हा झाली नाही. दिवाळीला आठवण येते, फोन राहून जातो.

त्या दिवशी परीक्षक बाई गेल्या आणि मी व्हरांड्यात तिची वाट बघत राहिले. तीनची एसटी होती. ती आलीच नाही, म्हणून मी आत गेले. ती म्हातारीच्या पलंगाशी होती. एप्रन घातला नव्हता. तो दाराशेजारीच लटकत होता, पण तिनं नवा, खळ केलेला युनिफॉर्म तसाच घाणीत घातला होता. म्हातारीच्या डोळ्यांकडं बघत होती आणि हात आपापलं करत होते. "चुकलं माजं, आजे," एवढंच हळू आवाजात पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मागून जेवणाची गाडी घेऊन वॉर्डची मावशी आली आणि गाडी सोडून पुढं येत ओशाळून म्हणाली, "आवं सिस्टर, ऱ्हाऊ द्या की तुमी. म्या करते. सिस्टर, आवं सिस्टर!"

मी ताईकडं बघितलं. तिनं मान वर केली नाही. तिला ते ऐकूच गेलं नव्हतं. स्वच्छ चादर म्हातारीवर ओढून ती पायथ्याशी आली होती आणि एक पाऊल दोन्ही तळव्यांत धरून चोळत होती. मी आले आहे हे मात्र तिला न बघताच कळलं. नसरापूरला इतके महिने तिनं मला वॉर्डात सिस्टरशिवाय हाक मारली नव्हती.

"मेघा," ती म्हणाली, "पिशवी ठिव खाली. त्यो दुसरा पाय घी. लई गार पडलाय."